डावा भाग उसवू नका

लातूर
४ नोव्हेंबर २०२४

गौराक्का,

शरणार्थी.

आधी शरणार्थी म्हणून नमस्कार घातला, आता बाकीचं. दिवाळीत तुमचा फोन आला. तुम्ही तिकडून "काय? काय?" करून राहिलात, इकडं आरती सुनबाईनं स्पीकर लावला आन् सगळं घर ओरडायला लागलं. मी काही बोललेच न्हाई. म्हणून आज पत्र लिहायला बसले. दहावीच्या पेपरानंतर एवढं सलग पहिल्यांदाच लिहून राहिले, चुका काढू नका. काढालच म्हणा! सारा जन्म मुखेडच्या शाळेत पोरींचं शिवण-विणकाम तपासण्यात गेला तुमचा.

बातमी अशी, की मी कार्डिगन विणायला घेतलंय. माझ्यासाठी. नीट वाचलं ना? माझ्यासाठी. लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा तुम्हीच नणंद म्हणून पहिल्यांदा सुया हातात दिल्या. तेव्हापासून तुमच्या भावाला विणलं, शिवप्रसाद-सृष्टी दोन्ही लेकरांना विणलं, दिराच्या पोरांना विणलं, गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला टोपडं दिलं. मला मात्र शाल. बाईला शाल पुरते हे कुणी ठरवलं, कोण जाणे.

कार्डिगन यासाठी, की मे महिन्यात ते खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून डावा हात वर जात न्हाई. सलाईननं आखडला म्हणतात. डोक्यातून घालायचा स्वेटर नकोच. पुढून उघडं, बटणांचं पाहिजे. आरतीनं तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून एक आणलं होतं, बिचारीनं मनानं आणलं, पण ते एका बाजूला बसतं आन् दुसऱ्या बाजूला ओघळतं. परत दिलं.

आन् खरं सांगू? मला गल्ल्यावर जायचंय. तुमचे भाऊ गेल्यापासून भांड्यांचं दुकान मीच चालवलं, सगळ्या गोलाई बाजाराला माहीत हाय. आता शिवप्रसाद म्हणतो, "मम्मी, तू आराम कर." ऑपरेशनला सहा महिने होत आले, अजून आरामच. टीव्हीवरच्या बायकांच्या भांडणांची आता तोंडपाठ उजळणी झाली. थंडी पडली की नवं कार्डिगन घालून मी दुकानात जाऊन बसणार. हा माझा इरादा हाय, आन् तो कुणाला विचारून केलेला न्हाई.

खालची बॉर्डर झाली. काखेपाशी मुंढ्याला टाके कसे कमी करायचे ते विसरले, ते कळवा. रंग तांबडा घेतलाय. वाळल्या मिरचीसारखा तांबडा. बोला आता.

तुमची,
महादेवी

मुखेड
९ नोव्हेंबर

महादेवी,

अनेक आशीर्वाद.

कानातलं मशीन घातलं की डोक्यात मिक्सर चालू होतो, म्हणून मी ते काढून ठेवते. ह्यांना वाटतं मी त्यांचं ऐकत नाही. मशीन घातलं तरी ऐकत नव्हते, पण ते सोड.

तांबडा रंग! विधवा बाईनं तांबडं घातलं म्हणून कुणी काही बोललं तर त्याला माझ्याकडे पाठव. आपल्या लिंगायत धर्मात बाईला जेवढा मान आहे तेवढा सांगून सांगून आमच्या शिक्षकांचा घसा बसला, आणि घरोघरी कारभार मात्र तोच. विण तांबडं.

पण आधी माझं ऐक. सुरुवातीला हाताएवढा एक तुकडा विणून बघितलास का? नाही बघितलास. मला माहीत आहे. तुझा हात घट्ट आहे. त्यात राग आला की तू टाका आवळतेस. शिवप्रसादच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस आणि तिथून जे मोजे विणून आणलेस ते बाहुलीलाही झाले नसते. आता तुला राग यायची कारणं जास्त दिसतात, तेव्हा सुई एक नंबर जाड घे.

मुंढ्याचं असं: पहिल्या दोन ओळींत थोडे टाके एकदम बंद कर, मग एक ओळ सोडून एक ओळ, कडेचा एक एक टाका कमी करत जा. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. आणि चूक दिसली की उसवायचं. पुढे गेल्यावर झाकली जाईल असं मनात आणायचं नाही. माझ्या वर्गात ज्या पोरीनं रडत उसवलं तीच पुढे नीट विणायला शिकली. तुकडे तयार झाले की माझ्याकडे पाठव, जोडकाम मी करते. तुझी शिवण बैलगाडीच्या चाकोरीसारखी जाते.

आता महत्त्वाचं. आपल्या सृष्टीसाठी स्थळ आणलं आहे. अर्धापूरचे माणिकप्पा, केळीची मोठी बाग. मुलगा वीरभद्र नांदेडला बँकेत. सरळ पोरगा, मान खाली घालून बोलतो. आई सिंधुबाई, फारशी बोलत नाही. माणिकप्पांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात काही आजारबिजार?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, आमच्या माहेरचं घर धडधाकट, पाव्हणे. तुम्ही डोळे झाकून या. पंधरा डिसेंबरच्या रविवारी ते पोरगी बघायला लातूरला येतील. तयारीला लाग.

तुझी,
गौराक्का

लातूर
२८ नोव्हेंबर

गौराक्का,

शरणार्थी.

पाठ झाली! पुढचे दोन्ही भाग झाले! बाह्या चालू हाईत.

तुम्ही म्हणालात तसा तुकडा विणून बघितला आन् खरंच माझा हात घट्ट निघाला. सगळं पहिल्यापासून केलं. मग लोकर कमी पडली. दुकानदार म्हणतो, तोच रंग हाय, घ्या बिनधास्त. घरी उन्हात धरलं तर एक मिरची ताजी, एक वाळलेली. आता दुसरी लोकर बाह्यांना लावून राहिले, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसंल. डावा हात लवकर भरून येतो. मग सुया ठेवते, बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवते, डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम, आन् पुन्हा बसते. डॉक्टरच म्हणाले, थोडं थोडं करा, दुखलं की थांबा. शिवप्रसादला मात्र ते पटत न्हाई. परवा सुया उचलून कपाटावर ठेवल्या. मी स्टूल घेतलं, उजव्या हातानं काढल्या. पुन्हा ठेवल्या न्हाईत त्यानं.

पण मजा सांगू का अक्का? आजवर विणलेलं दुसऱ्याच्या अंगावर बघायचं आन् "जरा लांब हवं होतं" हे ऐकायचं. हे मी माझ्या अंगावर धरून धरून विणलं. पुस्तकातलं माप घेतलं न्हाई, कुणाचं जुनं स्वेटर समोर ठेवलं न्हाई. आरशासमोर उभी राहिले, वितीनं मोजलं, बसले, विणलं, पुन्हा उभी राहिले. आपलं अंग कसं हाय हे इतकं नीट मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. आधी बघवत नव्हतं. आता बघते.

स्थळाचं वाचलं. माणसं चांगली असतील. सृष्टीला सांगितलं, तिच्या क्लासमधल्या मुलांची परीक्षा संपली की बोलू म्हणाली. "धडधाकट" म्हणून तुम्ही सांगितलंत ते मला जरा टोचलं. ते भेटीत बोलू.

तीनही तुकडे एसटीच्या पार्सलातून पाठवून राहिले. बाह्या दोन दिवसांत मागून येतील. एकच विनंती. डावा भाग जसा हाय तसाच जोडा. तो उसवू नका. कारण भेटल्यावर सांगेन.

तुमची,
महादेवी

मुखेड
५ डिसेंबर

महादेवी,

अनेक आशीर्वाद.

पाठ बघून माझे डोळे भरून आले. एवढी एकसारखी वीण तुझ्या हातून! मी ह्यांना दाखवली, ह्यांनी चष्मा लावून बघितली आणि "हे पायपुसणं का?" म्हणाले. त्यांचं जाऊ दे.

पण अगं, डावा भाग! उजव्याला छातीपाशी टाके वाढवलेस आणि डाव्याला विसरलीस? सरळच्या सरळ नेलास. उजव्यापेक्षा चांगला चार बोटं अरुंद. आणि खिसा! खिसा आतल्या बाजूला लावलास, बाई! उलट-सुलट बाजू कळेना इतकं का डोकं फिरलं तुझं? उसवू नका म्हणालीस ते मी समजले. उसवायचा कंटाळा, दुसरं काय. सातवीतल्या पोरी असंच करायच्या, चूक झाली की वही पाठीमागे धरायच्या आणि "बाई, आहे ते राहू द्या" म्हणायच्या.

तर मी सगळा डावा भाग उसवला आणि उजव्याच्या बरोबर मापात विणला. खिसा बाहेर घेतला. मान आखडली, दोन दिवस भाकरी शेजारणीनं थापून दिल्या, पण दोन्ही बाजू आता अशा सारख्या आहेत की घडी घातली तर धागा इकडचा तिकडे नाही. बाह्या बसवल्या. चंदनी बटणं लावली, माझ्या जुन्या डब्यातली. पार्सल आजच्याच गाडीनं टाकते.

पाव्हण्यांच्या दिवशी हेच घाल. सिंधुबाईंना कळू दे, या घरच्या बायकांच्या हातात काय आहे ते.

तुझी,
गौराक्का

लातूर
८ डिसेंबर

गौराक्का,

उसवलंत. मी नको म्हणाले होते आन् तुम्ही उसवलंत.

आज वर शरणार्थी पण लिहिलं न्हाई, इतका राग आलाय.

डावा भाग चुकला नव्हता. तो माझ्या मापाचा होता. अक्का, माझी डावी बाजू आता न्हाई. मे महिन्यात खडे नव्हते. गाठ होती. सोलापूरला नेऊन डावा स्तन काढला. मग केमो, मग रेडिएशन. केस गेले ते पदराखाली झाकले, म्हणून श्रावणात तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला कळलं न्हाई. शिवप्रसादनं सगळ्यांना शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई, सृष्टीची सोयरिक व्हायचीय. आईला झालं म्हणजे लेकीला होणार असं लोक धरून चालतात. मी तेव्हा अर्धी मेलेली होते, हो म्हणाले.

तिथं रेडिएशनला बसवताना म्हणाले, गळ्यातलं काढा. मी म्हणाले, हे इष्टलिंग हाय, लिंगायताच्या अंगावरून हे उतरत न्हाई. तिथली पोरगी भली होती. तिनं लिंगाची चांदीची डबी तेवढी काढायला लावली आन् लिंग फडक्यात बांधून उजव्या दंडाला बांधू दिलं. रोज तसंच. आता पुन्हा गळ्यात घातलंय, तर ती डबी टाक्यांच्या वणावर घासते. म्हणून आतून खिसा. शिवदार, म्हणजे लिंगाचा दोरा, गळ्यात राहील आन् डबी खिशात टेकंल, वणाला लागणार न्हाई. तुम्ही स्वतः जन्मभर लिंग बांधता अक्का, आन् तुमच्या मनात हे आलंच न्हाई. आलं ते काय, तर महादेवीला उलट-सुलट कळत न्हाई!

आरतीनं मला एक गादीवालं आणून दिलंय, आत भरायचं. पावसाळ्यातल्या उकाड्यात घामानं ते पोटापर्यंत घसरलं. दुसऱ्या बाया घालतात, त्यांना बरं वाटत असंल, माझं काही म्हणणं न्हाई. मला नको वाटतं. घरात सगळे मला सांगून राहिलेत, पदर ओढून घे, शाल घे, आत बस. पहिल्यांदा एक कापड असं झालं होतं की ज्यानं मला काही सांगितलं न्हाई. बसलं. नुसतं बसलं अंगावर, मी जशी हाय तशी. ते तुम्ही मापात आणलंत. कुणाच्या मापात?

काल घालून बघितलं. डावीकडं पिशवीसारखं लोंबतंय. मी रडले, मग चहा घेतला, मग उसवायला बसले. तुमचीच शिकवण. बटणं काढून जपून ठेवली. रविवारच्या आत पुन्हा विणते. हात दुखला तरी थांबून थांबून विणते.

आन् आता नीट ऐका. पाव्हण्यांना खरं सांगायचं. सृष्टीला मी आधी विचारलं, कारण सोयरिक तिची हाय. ती म्हणाली, "मम्मी, जे घर हे ऐकून पळेल तिथं मला आयुष्य काढायचं नाही." तुम्ही रविवारच्या आधी माणिकप्पांना कळवा. न्हाई कळवलंत तर मी चहाच्या वेळी सांगणार.

तुमची भावजय,
महादेवी

मुखेड
१० डिसेंबर

महादेवी,

तुझं पत्र वाचलं. मला सांगितलं नाहीस. सात महिने. मी काय परकी होते?

माणिकप्पांना मी कळवणार नाही. मी शब्द दिला आहे, छातीवर हात ठेवून. रविवारी पदर नीट घे आणि गप्प बस. साखरपुडा होऊ दे, मग बघू. लोक कसे असतात ते तुला माहीत नाही असं नाही. आज तुझी जिद्द राहील आणि पोरगी घरात राहील. मला रविवारी यायचं होतं, आता येत नाही. तोंड कुठे लपवू?

गौराक्का

लातूर
१६ डिसेंबर

गौराक्का,

शरणार्थी.

तुम्ही आला न्हाईत, तर काय झालं ते मीच सांगते. दुसऱ्याकडून ऐकलंत तर मीठ-मिरची लागून येईल.

डावा भाग शनिवारी दुपारी पुरा झाला. जोड मीच घातला. चाकोरीसारखाच गेला, पण गेला. रविवारी सकाळी चांगलाच गारठा होता. जांभळं इरकल नेसले, पदर आत खोचला आन् वरून कार्डिगन घालून सगळी बटणं लावली. शाल न्हाई, काही न्हाई. शिवप्रसाद दारात आडवा उभा. म्हणाला, "मम्मी, पाया पडतो, एक दिवस." मी म्हणाले, "एक दिवस करत करत सात महिने झाले, बाजूला हो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचंही बरोबर हाय हो अक्का, बहिणीसाठीच करून राहिला तो. पण बाजूला झाला.

पाव्हणे आले. माणिकप्पा, सिंधुबाई, मुलगा, एक मामा. पोहे झाले. माणिकप्पा केळीच्या भावावर बोलले, मामा आपल्या गुडघ्यांवर बोलले. सिंधुबाई माझ्याकडं बघून राहिल्या. तोंडाकडं न्हाई, इथं, डावीकडं. बघायच्या, नजर काढायच्या, पुन्हा बघायच्या. मी मनात म्हणाले, बघ बाई, नीट बघ, यासाठीच घातलंय.

सृष्टी चहा घेऊन आली. कप हातोहात गेले आन् मी सांगितलं. म्हणाले, "पाव्हणे, आमच्या नणंदबाईंनी तुम्हाला घर धडधाकट म्हणून सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं, त्यांचा दोष न्हाई. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, उपचार झाले, तपासण्या चालू हाईत. आज मी बरी हाय. ही बाजू काढलीय." आन् हात ठेवून दाखवली. तुमच्यासारखाच छातीवर हात ठेवला, अक्का. फक्त खरं बोलताना ठेवला.

मामांच्या बशीत चहा सांडला. सृष्टीनं ट्रे खाली ठेवला आन् शांतपणे म्हणाली, "मलाही वेळोवेळी तपासणी करून घ्यावी लागेल. ती मी लग्न झालं तरी करणार. तुम्हाला लग्नाआधीच माहीत असलेलं बरं." पोरगा वर बघेना. माणिकप्पा म्हणाले, "कळवतो." या शब्दाचा अर्थ तुम्हाला मला सांगायला नको. जाताना सिंधुबाईंनी माझा हात धरला, काहीतरी बोलणार होत्या, नवऱ्यानं हाक मारली.

शिवप्रसाद रात्रीपासून बोलत न्हाई. आज सकाळी मी तेच कार्डिगन घालून, रिक्षा करून दुकानात गेले. शटर उघडायच्या आत पायरीवर बसले. तो आला, बघितलं, कुलूप काढलं. मी आत जाऊन गल्ल्यावर बसले. पहिलं गिऱ्हाईक आली ती पलीकडच्या गल्लीतली बाई, घागरीला तासभर घासाघीस करणारी. तिनं कार्डिगन बघितलं, मला बघितलं, म्हणाली, "लई दिवसांनी! काय झालं होतं हो?" सांगितलं. हळद-कुंकवाचा भाव सांगतात तसं सांगितलं. ती "अगं बाई" म्हणाली, डोळे पुसले आन् मग घागरीचा भाव कमी करा म्हणाली. मी न्हाई केला. मला इतकं हसू आलं अक्का. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी नेहमीसारखं भांडून राहिलं होतं.

तुम्ही तोंड कुठं लपवू म्हणालात. लपवू नका. मी न्हाई लपवत.

तुमची,
महादेवी

मुखेड
२ जानेवारी २०२५

महादेवी,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायला उशीर केला. राग होता, मग राग गेला, मग लाज वाटायला लागली. लाज जायला वेळ लागतो.

आधी वाईट ते सांगते. माणिकप्पांनी ह्यांना फोन केला. मुलाला एवढ्यात करायचं नाही म्हणाले. ह्यांनी, कधी नव्हे ते, मला न विचारता उत्तर दिलं: "आमच्या पोरीलाही एवढ्यात भित्र्या घरात द्यायची नाही." आणि फोन ठेवला. चाळीस वर्षांत मला हा माणूस पहिल्यांदा इतका आवडला. शिवप्रसादला माझ्यातर्फे सांग, आत्या म्हणते, आईशी बोल. नाही बोललास तर मी येऊन बोलेन, आणि मला स्वतःचं ऐकू येत नाही, तेव्हा गल्लीभर ऐकू जाईल.

आता खरं कारण पत्राचं. परवा दुपारी दारात एक बाई उभी. एकटी. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. मी ओळखलंच नाही. सिंधुबाई! अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून मुखेड, दोन गाड्या बदलून आली. घरी सांगून आली की मठात चालले. मी आधी आत घेतलंच नाही. दारातच म्हटलं, "आता काय राहिलं बोलायचं?" तर बसली ती ओट्यावर आणि माझ्या कानाशी तोंड आणून बोलायला लागली. मशीन नव्हतं घातलेलं, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला.

तिला गाठ आहे, महादेवी. उजव्या बाजूला. दिवाळीच्या आधीपासून. दुखत नाही म्हणून आधी सोडून दिली, मग भीती वाटली म्हणून. आजवर कुणाला बोलली नाही. तुझ्याकडे त्या दिवशी बघत होती ती त्यासाठी. म्हणाली, "त्या बाई बटणं लावून बसल्या होत्या. मला वाटायचं असं झालं की बाई संपतेच. त्या तर मामांना आणखी पोहे वाढत होत्या."

आणि मग म्हणाली, "ज्या कारणानं आमच्या घरानं तुमची पोरगी नाकारली, ते माझ्याच अंगात हाय. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

आणि हे ऐकणारी कोण? मी, जिनं तुला पदर घे आणि गप्प बस म्हणून लिहिलं! तू गप्प बसली असतीस तर ही बाई आज माझ्या ओट्यावर आली नसती. मी तिला पाणी दिलं. तिनं विचारलं, त्या बाईंचा दवाखाना कोणता, डॉक्टर कोण, त्या एकट्या गेल्या होत्या का, लई दुखतं का. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, आमच्या महादेवीला विचारते.

तर विचारते आहे. काय सांगू तिला?

तुझी,
गौराक्का

लातूर
४ जानेवारी

अक्का,

तिला सांगा, बुधवारी पहाटेची गाडी धरून लातूरला या. तुम्ही बरोबर या, मशीन घालून. डॉक्टरांची वेळ मी घेतली. गाठ म्हणजे तेच असतं असं न्हाई, ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत न्हाई. पण तपासायला उशीर करायचा न्हाई, हे तिला माझ्या नावानं दम देऊन सांगा. दुखतं का विचारती, तर हो, दुखतं. खोटं सांगू नका. आन् मी एकटी गेले न्हाई, तर तिला मी कशाला एकटी जाऊ देऊ?

कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तिचं ती ठरवंल. आपण तिच्या वतीनं तिच्या घरी कुणाला बोलायचं न्हाई.

लातूरहून सोलापूरला गाडी शिवप्रसाद चालवणार हाय. सगळं ऐकलं, गाडीची किल्ली खिशात टाकली आन् म्हणाला, "सोलापूरचा रस्ता मला पाठ आहे." एवढंच.

आन् सृष्टीनं क्लासला रजा टाकलीय. मी म्हणाले, तू कशाला, तुला त्यांनी नाकारलं. तर म्हणाली, "माणिकप्पांनी नाकारलं. सिंधुबाईंनी कुठं नाकारलं? त्यांच्याशेजारी मी बसते."

महादेवी